डाव्या बाजूच्या बाईची सर्दी

स्पीकर रिपेअरिंगच्या धंद्यात किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही भाऊ. ते गिऱ्हाईकासोबत रिक्षातून येतात, आणि गिऱ्हाईक गेलं तरी दुकानात बसून राहतात. सुरतेत डिंडोलीला माझा दहा बाय आठचा गाळा आहे. बाहेर बोर्ड आहे, 'कोन बदलून मिळेल'. आत मी, माझा सोल्डर, आणि सतरा वर्षांचे किस्से.

म्हणजे बघा, एक ऑर्केस्ट्रावाला आला. म्हणे, "पाटीलभाई, स्पीकरमध्ये खरखर येते." उघडून बघतो तर आत उंदरीण आणि तिची पाच पिल्लं! मी म्हटलं, "भाऊ, ही खरखर नाही, बाळंतपण आहे!" तो म्हणाला, "मग गेल्या आठवड्याचे तीन प्रोग्राम वाजवले कोणी?"

असे दुसऱ्यांचे किस्से मी चहाच्या टपरीवर रोज सांगतो, लोक हसतात, माझा चहाही फुकट होतो. स्वतःचे किस्से मात्र तळाशी दाबून ठेवलेत. आज तळातलेच काढतो. सगळे एकाच स्पीकरचे आहेत. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा, मला काही येत नाही.

*

आधी कोटिंगचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

स्पीकरच्या पोटात जो गोल कागद असतो, त्याला आम्ही कोन म्हणतो. तो थरथरतो म्हणून आवाज येतो. आता आमच्याकडे येतात ते डीजेचे स्पीकर. गणपतीत पावसात भिजणार, लग्नात धूळ खाणार, वर कोणीतरी कोल्ड्रिंक सांडणार. म्हणून आम्ही त्या कागदाला काळं, चिकट कोटिंग मारतो. दोन हात मारले की कागद वॉटरप्रूफ. वरून चमकतो पण असा, की गिऱ्हाईकाला वाटतं नवाच मिळाला!

आमच्या लाईनीत कोटिंग म्हणजे माया. ओळखीचा माणूस आला, की काम कुठलंही असो, जाताना दोन हात फ्रीमध्ये. आपल्याकडे पाहुण्याला कसं नको नको म्हणत असताना एक पोळी वाढतात ना, तसंच.

तर एक दिवस अडाजणहून रमणकाका आले. सत्तरी ओलांडलेले, डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होते, आता रिटायर. रिक्षातून उतरले ते छातीशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मला वाटलं नातवंड आहे. निघाला साडेसहा इंची स्पीकर! युरोपातल्या कुठल्या कंपनीचा, नाव मला आजही नीट घेता येत नाही. मिलच्या कामाने परदेशात गेले होते तेव्हा जोडी घेतली म्हणे, वीस वर्षं कोणाला हात लावू दिला नाही.

मिलमध्ये हाताखाली सगळे आमच्या खान्देशातलेच लोक होते, त्यामुळे काका माझ्याशी मराठीच बोलतात, गुजराती फोडणी घालून. म्हणाले, "पाटीलभाई, डाबा बाजूचा बंद पडला. जरा सांभाळून हां."

मी बघितलं. आतली बारीक वायर तुटलेली. पाच मिनिटांचं काम! सोल्डरचा डाग दिला, बॅटरी लावून टुक टुक करून बघितलं, चालू. काका म्हणाले मी भाजी घेऊन येतो, आणि गेले.

आणि माझी नजर कागदावर गेली. नुसता राखाडी, सुका, धुरकट कागद. मला वाटलं, अरेरे, वीस वर्षांत बिचाऱ्याला कोणी कोटिंगसुद्धा मारलं नाही! म्हातारा माणूस, इतक्या विश्वासाने आला.

दोन नाही, तीन हात मारले. फ्रीमध्ये!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काकांचा फोन.

"पाटीलभाई, चालू तर झाला. पण एक गोष्ट आहे. गाणं लावलं ना, तर डाबा बाजूच्या बाईला शरदी झाली आहे."

"काय झालं?"

"शरदी! नाक बंद! जमणा बाजूला, उजवीकडे, ती छान गाते, डाब्या बाजूला नाकात गाते. एकच बाई आहे हां."

मला लगेच कळलं. सतरा वर्षं धंद्यात आहे, कळणार नाही का? कागद जड झाला, हलेना, म्हणून आवाज बसला. तिथल्या तिथे सांगायचं होतं, 'काका, चुकलं माझं.' तीन शब्द. पण जीभ अशी काही वळली की काय सांगू! मी म्हटलं, "काका, कोटिंग नवीन आहे ना, बसायला वेळ लागतो. पंधरा दिवस रोज वाजवा, मोकळा होईल."

मोकळा होईल म्हणे! वाळलेलं कोटिंग कधी मोकळं झालंय का?

तेव्हापासून रोज सकाळी आठला रिपोर्ट. "आज दोन तास वाजवला हां." "आज तीन तास." नवव्या दिवशी तर काका एकदम खूश. "पाटीलभाई, तुमची वात साची आहे, खरं सांगितलंत. आज बाईनं नाक शिंकरलं वाटतं, जरा मोकळी गायली!"

मी म्हटलं, "सांगितलं होतं ना काका!"

फोन ठेवला आणि समोरच्या आरशात बघवेना. आरसा काढूनच टाकला मी गाळ्यातून. तशीही त्याची काही गरज नव्हती.

*

काका एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. त्यांनी माझी जाहिरात सुरू केली!

त्यांच्या सोसायटीतले दोन-तीन म्हातारे आहेत, सगळे असेच शौकीन. त्यातले एक गृहस्थ थेट गाळ्यावर हजर. हातात तसलाच इंपोर्टेड स्पीकर. "रमणभाई बोल्या, हात लगाना तो पाटीलभाईकाच!"

मी हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, "शेठ, सध्या खूप काम आहे, घाईत बिघडेल, तुम्ही दुसरीकडे दाखवा." गाळा सगळा रिकामा, मी एकटा माशा मारत बसलेलो, आणि म्हणे काम आहे!

रात्री काकांचा फोन. "पाटीलभाई, मित्राने सांगितलं. अरे, आजच्या जमान्यात आलेलं काम परत पाठवणारा माणूस! मी सगळ्यांना सांगतो, असा ईमानदार कारीगर सुरतमध्ये बीजा नाही."

एखाद्याने कानाखाली वाजवली असती तर इतकं लागलं नसतं.

*

सोळाव्या दिवशी सकाळी आठला फोन आला नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. मीच केला.

काकांचा आवाज बारीक. म्हणाले, "काल कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो."

"का?"

"पंधरा दिवस झाले ना. स्पीकर तर तुम्ही बघितला, म्हणजे तो बराबर आहे. मग कानच गेला ना माझा! डॉक्टर म्हणतो, उमरच्या हिशोबानं थोडा कमी आहे. डाबा कान असणार. आता गाणं लावतच नाही, कशाला?"

स्पीकर तुम्ही बघितला, म्हणजे बराबर आहे! माझ्यासारख्या माणसाच्या शब्दावर म्हाताऱ्याने स्वतःचा कान मोडीत काढला. वीस वर्षं रोज सकाळी गाणं ऐकणारा माणूस गाणं बंद करून बसला.

तरी मी खरं बोललो का? नाही! मी म्हटलं, "काका, एकदा आणतो आणि बघतो परत." आणि जाऊन स्पीकर काढून आणला. मनात म्हटलं, कोणीतरी स्पेशालिस्ट सापडेल, गुपचूप नीट करून नेऊन बसवू, काकांचा कानही बरा होईल आणि आपली अब्रूही राहील. अब्रूचाच जीव मोठा ना!

*

आता स्पेशालिस्ट शोधायचा कुठे? तर व्हॉट्सॲपवर. आमचा रिपेअरिंगवाल्यांचा एक ग्रुप आहे, गुजरातभरचे लोक आहेत त्यात. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "कस्टमर के पास से ऐसा आया है. किसी ने कोटिंग मार दिया. निकलेगा क्या?"

किसी ने! बघा, मी कसा साळसूद.

दोन मिनिटांत ग्रुप पेटला. "किस गधे ने किया?" "इसके हाथ काट दो!" "पेंटर होगा, कारीगर नहीं." एकाने तर हार घातलेल्या फोटोची इमोजी शोधून काढली कुठून तरी. आणि मी काय करतोय? प्रत्येकाला लाइकचा अंगठा टाकतोय. गधा म्हटलं, अंगठा. हात तोडा, अंगठा!

एक राजकोटवाला म्हणाला, "इतना मोटा कोटिंग तो सूरत साइड वाले ही मारते हैं." मी लिहिलं, "हाँ ना भाई, क्या ज़माना आ गया."

मग ॲडमिन म्हणाला, "उसका नाम ग्रुप में डालो. सबको पता चलना चाहिए."

मी लिहिलं, "पता करता हूँ."

*

ग्रुपवर सल्ले सगळे दिले, काढून देतो असं कोणी म्हटलं नाही. मग मला सुचलं, अरे, आपण सुरतेत राहतो! साडीवरचा ऑइलचा डाग काढणारे लोक गल्लोगल्ली बसलेत. एक स्प्रेगन मारली की डाग गायब. भेस्तानला वानखेडे म्हणून आहेत, वर्ध्याकडचे. डाग काढण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.

गेलो. पाच-सहा बाया साड्या घेऊन रांगेत. मीही पिशवी घेऊन रांगेत. नंबर आला.

वानखेडेंनी वर न बघताच विचारलं, "डाग कशावर हाय? पॉलिस्टर का कॉटन?"

"कागद."

"कागद? लग्नपत्रिका घेऊन आले का भाऊ?"

मी स्पीकर काढला. मागची बाई म्हणाली, "अगं बाई, स्पीकरवर चटणी सांडली!" सगळी रांग खो खो हसायला लागली.

पण वानखेडे हसले नाहीत. कडेला एक थेंब मारून बघितला. कोटिंग तसंच राहिलं आणि कागद लोकरीसारखा फुलून आला. त्यांनी लगेच गन खाली ठेवली. म्हणाले, "पाहा भाऊ, वर असला तं डाग. आत मुरला का मग तो रंग. अन् हा रंग काढला तं कागदच हाती येते. हे मायाच्यानं होत नाही."

मी स्पीकर पिशवीत घातला. त्यांनी विचारलं, "कोनं केलं हे?"

म्हटलं, "एक जण आहे ओळखीचा."

"त्याले म्हणा, न विचारता कोणाच्या वस्तूले हात लावत नसतेत."

मी म्हटलं, "सांगतो."

*

शेवटी ग्रुपमधल्या एका भल्या माणसाने नवसारीचा पत्ता दिला. सोराबकाका, पारशी, ऐंशीच्या घरातले. जुन्या भारी स्पीकरचे एकदम डॉक्टर.

त्यांनी स्पीकर हातात घेतला, उजेडात धरला, वास घेतला. मग मला विचारलं, "डीकरा, कोटिंगच्या आधी हा कसा वाजत होता?"

"चांगला."

"चांगला म्हणजे?"

मी ऐकलाच नव्हता! बॅटरी लावून टुक टुक केलं, बस. सतरा वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय, बसून ऐकला एकसुद्धा नाही. आमच्याकडे धम्म आला की पास!

सोराबकाकांनी मला खुर्चीत बसवलं. स्वतःचा साध्या कागदाचा स्पीकर एका पेटीत, माझा दुसऱ्या पेटीत. सारंगी लावली. आधी त्यांचा वाजवला. खरं सांगतो, वाजवणाऱ्याने श्वास घेतला तो ऐकू आला मला. तारेवर बोट सरकलं ते ऐकू आलं. अंगावर काटा आला.

मग बटण फिरवलं, माझा लागला. सारंगी होती. माणूस गेला होता.

सोराबकाका म्हणाले, "कळलं? तू गवयाला रेनकोट घालून गायला बसवलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं. मी विचारलं, "दुसरा कोणी स्पेशालिस्ट? मुंबई, पुणे, कुठेही जातो."

"कशाला भाडं घालवतोस? कागदाने पिऊन टाकलंय सगळं. नवा कागद मिळत नाही. याचा खरा स्पेशालिस्ट एकच, ज्याने कागद बनवला तो. तो मेला." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मालकाला सांगितलंस?"

आणि मी म्हटलं, "हो."

ऐंशी वर्षांच्या माणसाने समोर बसवून ऐकायला शिकवलं, आणि मी त्याच्याच तोंडावर खोटं बोललो! परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, शेजारच्याने तोंड बघू नये म्हणून.

*

घरी आलो. आमची संगीता साड्यांना लेस लावायचं काम घेते. घरात सगळीकडे साड्याच साड्या, त्यात ती बसलेली. माझा चेहरा बघून आमच्या अहिराणीत म्हणाली, "काय व्हयनं?"

तिला सगळं सांगितलं. कोटिंग, सर्दी, पंधरा दिवस, कानाचा डॉक्टर, सगळं. मला वाटलं धीर देईल. तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "साडीले डाग पडना तं आपन काय करतस? पार्टीले फोन करतस ना? मंग?"

"अगं, पण ते माझ्यावर इतका विश्वास..."

"म्हनीसनच! तो मानूस सोताना कानले खोटं समजी राह्यना, आन् तुम्ही आठे अब्रू जपी राह्यनात! जाईसन सांगी या. जीव लेवाव नही तो तुमना."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. आणि या वेळी चालावं असं वाटतही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फोन नाही, मीच अडाजणला. काका खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, दोन पेट्या समोर, डाव्या पेटीत गोल भोक. स्पीकर मी आधी त्यात बसवला, स्क्रू आवळले, आणि मग उभ्या उभ्याच एका दमात बोलून टाकलं.

"काका, चूक माझी आहे. नुसती वायर तुटली होती. कोटिंग मी माझ्या मनाने मारलं, तुम्हाला न विचारता. त्यानेच आवाज बसला. पंधरा दिवस वाजवा म्हटलं ते खोटं होतं. आता ते निघत नाही. भेस्तानला विचारलं, नवसारीला विचारलं, कोणाकडूनच निघत नाही."

काकांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता चपलेने मारतात. मारलं असतं तर मोकळा तरी झालो असतो.

मग हळूच म्हणाले, "म्हणजे... कान?"

"कान चांगला आहे काका. कानाने बरोबरच ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मंजू!" काका ताडकन उठले. "मंजू, सांभळ! कान सारो छे! मारो कान एकदम सारो छे!"

आतून काकू म्हणाल्या, "ए तो हुं क्यारनी कहुं छुं! तमने खाली मारूं ज नथी संभळातुं!" म्हणजे, मी कधीची तेच सांगतेय, तुम्हाला फक्त माझंच ऐकू येत नाही!

काका हसले, पोट धरून हसले. डोळे पुसले. मीही हसायचा प्रयत्न केला, तोंड नुसतंच वाकडं झालं.

मग त्यांनी गाणं लावलं. ती बाई गायला लागली, एका बाजूने मोकळी, दुसऱ्या बाजूने नाकात. काका डोळे मिटून पूर्ण अंतरा ऐकत बसले. मीही बसून ऐकला, दोन्हीकडचा. संपल्यावर म्हणाले, "नाहीच निघणार?"

"नाही काका."

"नवा कागद?"

"मिळत नाही."

"हं."

ते उठले. कपाटातून स्क्रू ड्रायव्हर आणला. उजव्या पेटीपुढे मांडी घालून बसले आणि एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवायला लागले. मी म्हटलं, "काका, मी काढतो," तर हातानेच नको म्हणाले. सहाही स्क्रू काढले. दोन्ही हातांनी स्पीकर उचलला, वायर सोडवली. तोच राखाडी, सुका, धुरकट कागद. एकदा त्यावरून अलगद बोट फिरवलं आणि स्पीकर माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "काका, हा तर चांगला आहे."

"खबर आहे मला," काका म्हणाले. "याला पण कोटिंग मारी द्या, पाटीलभाई. दोन्ही सारखे तर होतील."